साक्षीदार होते, त्यांची नावं घ्या : मराठीतून रहस्यकथा सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
यूट्यूबवर, पॉडकास्टमध्ये आणि दिवाळी अंकांत जगभरातल्या न उलगडलेल्या घटना मराठीत सांगणारे सर्व निवेदक आणि लेखक

सप्रेम नमस्कार.

सर जॉन फ्रँकलिनच्या हरवलेल्या ध्रुवीय मोहिमेबद्दल तुम्ही जे सांगता, त्याविषयी हे पत्र आहे. १८४५ साली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश नौदलाची दोन जहाजं अटलांटिकहून पॅसिफिकला नेणारा वायव्य सागरी मार्ग शोधायला उत्तर कॅनडाच्या बर्फात शिरली आणि त्यांच्यावरचे १२९ जण परत आले नाहीत. इथवर सगळे एकच गोष्ट सांगतात. पुढे मात्र प्रत्येकाची वाट निराळी. कोणी म्हणतं, तिथल्या एस्किमोंनी सामानासाठी सगळ्यांची कत्तल केली. कोणी म्हणतं, नौदलाला सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी ते मुद्दाम दडवलं. डब्यांतल्या अन्नात जाणूनबुजून विष होतं, मोहीम मुळात गुप्त कामगिरीवर होती, बर्फात ‘काहीतरी’ होतं. शेवटी एक मोठं प्रश्नचिन्ह, आणि ‘तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा’.

मला काय वाटतं ते कळवते. या गोष्टीतलं सर्वांत मोठं खोटं एकच आहे : ‘काय झालं हे सांगायला कोणीच उरलं नव्हतं.’ सांगणारे होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, विचारणाऱ्याला नीट सांगितलं होतं, आणि त्यांची नावं लिहून ठेवलेली आहेत. ते इनुइट होते, म्हणजे तुम्ही ज्यांना एस्किमो म्हणता ते, म्हणून त्यांचं बोलणं साक्षीत धरलं गेलं नाही. बाकी सगळे तर्ककुतर्क या एका नकारातून उगवले आहेत.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. ध्रुवीय प्रदेशाचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारलं, “मॅडम, तिथली माणसं जहाजवाल्यांना खातात ना?” मुलगा हुशार आहे, खोडी काढायला विचारत नव्हता. त्याने ते मोबाईलवर ऐकलं होतं, स्वच्छ मराठीत, ठाम आवाजात. ज्या इनुइट कुटुंबांनी उपाशी खलाशांना सीलचं मांस दिलं होतं, त्यांच्यावर पावणेदोनशे वर्षांनी आमच्या वर्गात नरभक्षक असल्याचा शिक्का बसला. तेव्हापासून हे पत्र मनात होतं.

आधी जे पक्कं माहीत आहे ते सांगते, कारण ते फार क्वचित पूर्ण सांगितलं जातं.

जहाजं १९ मे १८४५ ला टेम्सकाठच्या ग्रीनहाइथहून निघाली. फ्रँकलिन तेव्हा ५९ वर्षांचा. ‘टेरर’चा कप्तान फ्रान्सिस क्रोझियर, ‘एरेबस’चा जेम्स फिट्झजेम्स. (हा फिट्झजेम्स त्याआधी चीनच्या अफू युद्धात ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या युद्धनौकेवर तोफखान्याचा लेफ्टनंट होता, आणि ती ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. मुंबईशी एवढा तरी धागा या गोष्टीचा आहे.) तीन वर्षांचं अन्न, हजाराहून जास्त पुस्तकं, रेल्वेच्या इंजिनांवरून बेतलेली वाफेची यंत्रं, सगळं बरोबर होतं. पहिला हिवाळा बीची बेटावर गेला. तिथे तीन खलाशी वारले, त्यांच्या कबरी १८५० मध्ये सापडल्या. सप्टेंबर १८४६ मध्ये दोन्ही जहाजं किंग विल्यम बेटाच्या वायव्येला बर्फात अडकली ती पुन्हा सुटलीच नाहीत.

का सुटली नाहीत, हे नकाशा उघडून बसलं की कळतं, आणि माझ्या मते संपूर्ण गोष्टीतला सर्वांत थरारक भाग हाच आहे. १८३० साली जेम्स क्लार्क रॉस या भागात आला होता. किंग विल्यम हे बेट आहे की मुख्य भूमीचाच फाटा, हे बर्फात त्याला नीट कळलं नाही, आणि नकाशावर ते पूर्वेच्या जमिनीला जोडलं गेलं. त्या नकाशाप्रमाणे पूर्वेकडून वाट बंद होती. मग फ्रँकलिनपुढे पश्चिमेकडून जाण्याखेरीज पर्यायच नव्हता. पश्चिमेला उत्तरेकडून जुना, वर्षानुवर्षं न वितळलेला जाड बर्फ सतत खाली रेटला जातो आणि बेटाच्या अंगावर येऊन थडकतो. तिथे शिरलेलं जहाज दोन-दोन उन्हाळे हलत नाही. पूर्वेची चिंचोळी सामुद्रधुनी मात्र उन्हाळ्यात बऱ्यापैकी मोकळी होते. पुढे १९०३ साली रोआल्ड आमुंडसेन आपली लहानशी ‘यॉआ’ घेऊन त्याच बाजूने गेला, बेटाच्या आग्नेयेच्या बंदरात इनुइटांच्या शेजाराने दोन हिवाळे राहिला आणि अखेर वायव्य मार्ग पार करून बाहेर पडला. १२९ माणसांच्या मरणामागे कुठला कट शोधायचाच असेल तर नकाशावरच्या त्या चुकीच्या रेघेइतकं मोठं कारण दुसरं सापडत नाही.

आता कागद. संपूर्ण मोहिमेचा हातात आलेला महत्त्वाचा कागद एकच, किंग विल्यम बेटावर व्हिक्टरी पॉइंटजवळ दगडांच्या राशीत ठेवलेला. तो मे १८५९ मध्ये लेफ्टनंट विल्यम हॉब्सनला सापडला. नौदलाचा छापील नमुना. मधल्या जागेत २८ मे १८४७ ची नोंद : सगळं ठीक आहे. त्यात पहिल्या हिवाळ्याचं सालही चुकलेलं. त्यानंतर अकरा महिन्यांनी तोच कागद बाहेर काढून त्याच्या चारही कडांनी, जागा मिळेल तसं, फिट्झजेम्सच्या अक्षरात दुसरी नोंद केली आहे, २५ एप्रिल १८४८ ची. जहाजं २२ एप्रिलला सोडली. सर जॉन ११ जून १८४७ लाच वारले. आजवर ९ अधिकारी आणि १५ खलाशी गेले. क्रोझियरच्या हाताखाली १०५ जण किनाऱ्यावर आले आहेत. क्रोझियरच्या सहीपाशी एक ओळ : उद्या २६ तारखेला बॅकच्या नदीकडे (दक्षिणेला, मुख्य भूमीवर) निघतो.

या कागदावर एक छापील मजकूर आहे : ज्याला हा सापडेल त्याने तो लंडनला नौदलाकडे पोचवावा. हा मजकूर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, डच, डॅनिश आणि जर्मन अशा सहा भाषांत आहे. ज्या बेटावर तो ठेवला, त्या बेटावर येणाऱ्याजाणाऱ्या माणसांची भाषा त्यात नाही. वर्गात हा कागद दाखवते तेव्हा मी मुलांना भाषा मोजायला सांगते.

पहिली कट-कथा कुठे जन्मली ते बघा.

कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर आणि भूमापक जॉन रे हा स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा माणूस. इनुइटांसारखे कपडे घालायचा, त्यांच्यासारखी शिकार करायचा, बर्फाचं घर बांधायला शिकलेला. एप्रिल १८५४ मध्ये पेली बेजवळ त्याला इनुकपुहिजुक नावाचा इनुइट भेटला. त्याच्या डोक्याला अधिकाऱ्याच्या टोपीची सोनेरी पट्टी होती. रेने विचारलं, ही कुठून मिळाली? उत्तर आलं : पश्चिमेला मोठ्या नदीपलीकडे पस्तीस-चाळीस गोरे लोक उपासमारीने मेले, तिथून. रेने ती पट्टी विकत घेतली आणि अशा आणखी वस्तू असतील तर आणा, असं सांगून ठेवलं. पुढच्या आठवड्यांत लोक चांदीचे काटे-चमचे घेऊन आले, त्यांवर अधिकाऱ्यांची चिन्हं होती. फ्रँकलिनचं सन्मानपदकही आलं. आणि माहिती आली : प्रेतांची अवस्था आणि भांड्यांत जे उरलं होतं, त्यावरून शेवटी त्या लोकांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांना खाल्लं होतं.

हा अहवाल ऑक्टोबर १८५४ मध्ये लंडनला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी ‘द टाइम्स’मध्ये छापून आला. छापायला दिला कोणी? नौदल खात्याने, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीने. ‘सरकारने सत्य दडवलं’ असं सांगताना हे जरूर लक्षात घ्या. जी बातमी नौदलाची सर्वांत जास्त नाचक्की करणारी होती, ती खुद्द नौदलानेच वर्तमानपत्राकडे दिली. त्याआधी १८५० मध्ये फ्रँकलिनच्या लोकांना सोडवणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं, एकामागून एक शोधमोहिमा पाठवल्या होत्या. ज्यांना दडवायचं असतं ते असं ढोल वाजवून शोधत नाहीत.

बातमीवर लंडन पेटून उठलं. फ्रँकलिनची पत्नी लेडी जेन हिला ती असह्य झाली, आणि ते मी समजू शकते. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात डिसेंबर १८५४ मध्ये लांबलचक लेख लिहून रेच्या अहवालाला उत्तर दिलं. त्याचा रोख असा : इंग्रज खलाशी असं करणं शक्य नाही, रानटी माणूस मनातून लोभी, दगाबाज आणि क्रूर असतो, तेव्हा फ्रँकलिनच्या थकलेल्या माणसांवर इनुइटांनीच हल्ला केला नसेल कशावरून? पुरावा काहीच नव्हता. होता तो एका मोठ्या लेखकाचा दबदबा. रेने त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं, आपल्या दुभाष्याची आणि इनुइटांच्या खरेपणाची बाजू घेतली. त्याचं कोणी ऐकलं नाही. रेला आणि त्याच्या साथीदारांना १०,००० पौंड मिळाले, पण त्या काळच्या इतर नावाजलेल्या ध्रुवप्रवाशांना मिळालेली ‘सर’ ही पदवी त्याला कधी दिली गेली नाही.

लक्षात घ्या, मित्रांनो. ‘एस्किमोंनी कत्तल केली’ हे वाक्य कुठल्या जुन्या दंतकथेतून आलेलं नाही. लंडनच्या एका लेखनाच्या टेबलावर ते तयार झालं, आपल्या माणसांची अब्रू वाचवण्यासाठी. जो देश दीडशे वर्षं इंग्रजांच्या अमलाखाली राहिला, ज्याच्या लोकांच्या साक्षी कोर्टात आणि कागदोपत्री याच नजरेने तोलल्या गेल्या, त्या देशातल्या एका भाषेत आपण हे वाक्य आजही जसंच्या तसं बोलतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता इनुइट काय सांगत होते ते पूर्ण ऐका.

१८६० च्या दशकात अमेरिकन चार्ल्स फ्रान्सिस हॉल फ्रँकलिनच्या लोकांचा माग काढत तिथे वर्षानुवर्षं राहिला. त्याची कान आणि जीभ म्हणजे टुकुलिटो आणि तिचा नवरा इपिरविक हे इनुइट जोडपं. टुकुलिटो उत्तम इंग्रजी बोलायची. हे दोघे नसते तर हॉलच्या वह्या कोऱ्या राहिल्या असत्या. त्या वह्यांत तिकिटा आणि ओवर नावाच्या दोन शिकाऱ्यांची साक्ष आहे. किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर चार इनुइट कुटुंबांना चाळीसेक गोरे भेटले, बर्फावरून गाडी ओढत येणारे. त्यांच्या म्होरक्याला ते अग्लुका म्हणतात. तो क्रोझियर असावा असं अनेकांना वाटतं. अग्लुकाने पोटाकडे, तोंडाकडे बोट दाखवून मांस मागितलं. यांनी सीलचं मांस दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही कुटुंबं आपलं सामान आवरून निघाली. अग्लुका त्यांना थांबवायचा प्रयत्न करत राहिला, ते थांबले नाहीत.

त्याच भेटीबद्दल १८७९ मध्ये अमेरिकन फ्रेडरिक श्वाट्काच्या शोधमोहिमेला आलांग्याह नावाच्या बाईने सांगितलं. तिच्या लक्षात राहिली होती ती त्या माणसांची तोंडं : कोरडी, ताठरलेली, काळी पडलेली. स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, झालेल्या माणसाचं वर्णन आहे हे. तिला त्या रोगाचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने फक्त चेहरे पाहिले होते, आणि तीस वर्षांनीही ते तिला जसेच्या तसे आठवत होते. डॉक्टरी अहवालापेक्षा ही साक्ष मला जास्त हलवते.

हॉलला या कुटुंबांचा राग आला. उपाशी माणसांना टाकून गेलात, असं त्याने वहीत लिहिलं. पण हिशेब करून बघा. चार घरं, त्यांत बायका, पोरं, म्हातारी. शिकार मिळेल त्यावर आजचा दिवस. समोर बंदुका असलेले चाळीस भुकेले परके पुरुष. त्या किनाऱ्यावर चाळीस माणसांना पोसेल एवढी शिकार मिळत नव्हती, हे त्या शिकाऱ्यांइतकं कोणाला कळणार? ते होतं ते देऊन निघाले, आणि त्यामुळे त्यांची पोरं जगली. कत्तलीच्या गोष्टीत हा प्रसंग कुठेच येत नाही, कारण तो आला तर कत्तल उरत नाही.

आणि हाडांचं काय? १९९२ मध्ये किंग विल्यम बेटावरच्या एरेबस बेच्या किनाऱ्यावर शेकडो मानवी हाडं सापडली. मानवशास्त्रज्ञ अ‍ॅन कीन्लीसाइड यांनी त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये मांडला. ९२ हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या, आणि त्या हल्ल्यातल्या घावांसारख्या नव्हत्या, सांध्यांपाशी मांस सोडवताना होतात तशा होत्या, धातूच्या पात्याच्या. इनुकपुहिजुकने ऐकून सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी निघाली. २०२४ मध्ये त्याच जागेवरच्या एका जबड्याची ओळख हयात नातेवाइकाच्या डीएनएवरून पटली : जेम्स फिट्झजेम्स. त्या कागदाच्या कडांवर लिहिणारा हात याच माणसाचा. जबड्यावर पात्याच्या खुणा आहेत. त्याच्याआधी २०२१ मध्ये ‘एरेबस’चा इंजिनियर जॉन ग्रेगरी याची ओळख अशीच पटली होती. कप्तानाच्या हुद्द्यालाही शेवटी अर्थ उरला नव्हता, एवढी ती भूक होती. हे सांगताना आवाज चढवू नका, पार्श्वसंगीत लावू नका. माणसं तिथे मेली आहेत आणि त्यांचे वंशज आज जिवंत आहेत.

विषाच्या डब्यांबद्दल थोडंच लिहिते. स्टीफन गोल्डनर या कंत्राटदाराने जवळपास आठ हजार डबे पुरवले, तेही घाईघाईत, आणि डब्यांचे सांधे शिशाने जोडलेले होते. १९८४ आणि १९८६ मध्ये मानवशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांनी बीची बेटावरच्या तिन्ही कबरी उघडून तपासल्या, शरीरांत शिसं बरंच सापडलं. त्यावरून ‘शिशाने वेड लागलं’ ही कथा जगभर गेली. पण त्या काळच्या इंग्लंडात नळ, भांडी, रंग, औषधं यांतून सगळ्यांच्याच अंगात शिसं असे, आणि नंतरच्या हाडांच्या अभ्यासांत असं दिसलं की शिशाने एकट्याने मोहीम बुडवली असं म्हणता येत नाही. गोल्डनरचे डबे पुढे नौदलाच्या कोठारात सडके निघाले, मोठा गाजावाजा झाला, हेही खरं आहे. निकृष्ट माल आणि हलगर्जी कंत्राट याला विषप्रयोगाचा कट म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे.

भुताखेतांच्या गोष्टी मी सोडून देते. फक्त आयर्लंडमधल्या लंडनडेरीच्या कॉपिन कुटुंबातल्या, चार वर्षांची असताना वारलेल्या वीझीबद्दल एक शब्द. तिच्या आत्म्याने भिंतीवर फ्रँकलिनचा ठावठिकाणा लिहून दाखवला, असं म्हणतात. ती कथा पुस्तकात छापली गेली १८८९ मध्ये, म्हणजे व्हिक्टरी पॉइंटचा कागद जगजाहीर झाल्यावर तीस वर्षांनी. एवढी तारीख सांगितली तरी ऐकणारा स्वतः विचार करेल.

लोक अशा गोष्टींना का धरून बसतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेब पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही, आणि पुढे तोतया उभा राहिला तेव्हा हजारोंनी त्याच्यामागे जायला कमी केलं नाही. प्रेत नीट पाहायला मिळालं नाही की मन असंच करतं. लेडी जेन वर्षानुवर्षं जहाजं पाठवत राहिली, स्वतःच्या पैशाने ‘फॉक्स’ पाठवलं, आणि ‘फॉक्स’वरच्याच लोकांनी तो कागद आणला. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिचं दुःख खरं होतं म्हणून इनुइट खोटे ठरत नाहीत.

आता जहाजांकडे येते. इथे साक्षीचा निकाल लागतो.

१८७९ मध्ये पुटूराक नावाच्या इनुइटाने श्वाट्काला सांगितलं होतं : अ‍ॅडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, उत्जुलिकच्या भागात, एक मोठं जहाज बर्फात उभं होतं. आत एक गोरा माणूस मेलेला होता. आत कसं जायचं ते कळेना म्हणून लोकांनी बर्फाच्या पातळीवर जहाजाच्या बाजूला भोक पाडलं. उन्हाळ्यात बर्फ वितळला, पाणी आत शिरलं आणि जहाज बसलं. डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसत राहिल्या. यात गूढ काही नाही. जागा आहे, कारण आहे, क्रम आहे, आणि आपल्याच लोकांनी भोक पाडल्यामुळे जहाज गेलं ही कबुलीही आहे. खोटं बोलणारा माणूस असं सांगत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये त्या भागातल्या एका छोट्या बेटावर हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ब्रिटिश नौदलाची खूण असलेला लोखंडी सुटा भाग दिसला, आणि जवळच, जेमतेम अकरा मीटर पाण्यात, ‘एरेबस’ मिळालं. पुटूराकने सांगितलेल्याच मुलखात. सव्वाशेहून जास्त वर्षं ती माहिती छापील स्वरूपात उपलब्ध होती.

‘टेरर’ची हकीकत आणखी बोलकी. किंग विल्यम बेटावरच्या यॉआ हेवन गावच्या सॅमी कोगविकला २०१६ च्या काही वर्षं आधी मासेमारीला जाताना बर्फातून वर आलेला लाकडाचा सोट दिसला. त्याने फोटो काढले, पण घरी पोचल्यावर लक्षात आलं की कॅमेरा वाटेत पडला. हा अपशकुन समजून तो गप्प बसला. २०१६ मध्ये शोधनौकेवर त्याने हे सांगितलं, नौकेने मार्ग बदलला, आणि सोनारवर जहाज उमटलं, चोवीस मीटर खोल, जवळजवळ अख्खं. त्या उपसागराचं नाव नकाशावर आधीपासूनच टेरर बे.

आणि लुई कामूकाक. यॉआ हेवनचेच. लहानपणी पणजी हुमाहुक हिने त्यांना सांगितलं होतं की ती मुलगी असताना वडिलांबरोबर किनाऱ्यावर अनोळखी वस्तू सापडल्या होत्या, बंदुकीच्या गोळ्या, धातूची जुनी वस्तू, आणि माणसाच्या लांबीचा एक उंचवटा. कामूकाक यांनी पुढचं आयुष्य गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी जमवण्यात आणि त्या जुन्या वह्यांतल्या साक्षींशी ताडून पाहण्यात घातलं. फ्रँकलिनची कबर शोधायचं त्यांचं काम अपुरं राहिलं, मार्च २०१८ मध्ये ते गेले. मराठीत या माणसावर एक तास बोललं जावं, अशी माझी फार इच्छा आहे. ओव्या, पोवाडे, बखरी आणि आजीच्या आठवणी यांतून इतिहास गोळा करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कामूकाक काय करत होते हे आपल्या श्रोत्यांना एका वाक्यात कळेल.

तेव्हा माझी मागणी अशी. ज्यांनी इनुइटांवर खुनाचा आळ घेणारा भाग प्रसिद्ध केला आहे, त्यांनी तो दुरुस्त करावा. नुसती तळटीप नको, जिथे आळ घेतला तिथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती हवी. नवीन भाग करणार असाल तर रे आणि डिकन्स यांच्याबरोबर इनुकपुहिजुक, तिकिटा, ओवर, आलांग्याह, पुटूराक, टुकुलिटो ही नावंही उच्चारा. फ्रँकलिन, क्रोझियर, फिट्झजेम्स ही तितकीच परकी नावं तुम्ही न अडखळता घेता, तेव्हा उच्चार अवघड आहेत ही सबब चालणार नाही. आणि एखाद्या कादंबरीकाराने कल्पिलेला हिमराक्षस त्या खलाशांच्या खऱ्या मरणात मिसळू नका.

रहस्य हवंच असेल तर खरी रहस्यं काय कमी आहेत? फ्रँकलिनला पुरलं कुठे? दोन्ही जहाजं वायव्येला सोडली असताना एक पार दक्षिणेला आणि दुसरं टेरर बेत कसं पोचलं? काही जण परत जहाजांवर गेले होते का? ‘फॉक्स’चा कप्तान मॅक्लिंटॉक याच्या लोकांना १८५९ मध्ये बर्फगाडीवर बांधलेली एक जड होडी मिळाली, तिच्यात दोन सांगाडे, भरलेल्या दोन बंदुका, घड्याळं, चांदीचे चमचे, चहा आणि चाळीसेक पौंड चॉकलेट होतं, आणि तिचं तोंड दक्षिणेच्या नदीकडे नव्हतं, मागे सोडलेल्या जहाजांच्या दिशेला होतं. तिचा इनुइट साक्षींशी मेळ घालून बघा, तासाभराची चर्चा सहज होते. २०१९ मध्ये पार्क्स कॅनडा या तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या पाणबुड्यांनी ‘टेरर’मध्ये यांत्रिक कॅमेरा सोडला. फळ्यांवर ताटं रचलेली आहेत, कप्तानाच्या खोलीत टेबल आणि खण जागच्या जागी आहेत, खणांत कागद टिकले असण्याची आशा शास्त्रज्ञांना आहे. क्रोझियरच्या झोपण्याच्या खोलीचा दरवाजा तेवढा बंद होता. ती दोन्ही जहाजं आज कॅनडा आणि इनुइट यांच्या संयुक्त मालकीची आहेत, आणि त्या जागांवर राखण करायला यॉआ हेवनचे इनुइट रक्षक असतात. पुढचा शोध त्यांच्याबरोबर लागणार आहे.

आणि अधिकृत खोटेपणा दाखवायचाच असेल तर तो लंडनमध्ये वॉटर्लू प्लेसला चौथऱ्यावर उभा आहे. १८६६ चा फ्रँकलिनचा पुतळा. खाली कोरलंय की त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वायव्य मार्गाचा शोध पूर्ण करताना प्राण दिले. बेटाच्या पूर्वेची ती मोकळी सामुद्रधुनी मात्र रेने १८५४ मध्ये शोधली, त्याच प्रवासात, ज्यात त्याने फ्रँकलिनच्या अंताची बातमी आणली. पन्नास वर्षांनी आमुंडसेन गेला तो त्याच सामुद्रधुनीतून, आणि नकाशावर आज तिचं नाव रे सामुद्रधुनी असं आहे. यावर एक भाग करा. मी तो वर्गात लावेन.

टिपणं, नकाशा, साक्षींचा कालक्रम, जे लागेल ते द्यायला मी तयार आहे. मानधन नको. संहिता रेकॉर्ड करण्याआधी एकदा वाचायला दिलीत तर आठवड्याच्या आत तपासून परत करेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका